पाण्याप्रमाणे मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाकी मांडणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक वेळा माशांपासून सुरू होतात आणि फिरून फिरून पाण्यावर येतात. म्हणून इथे आधी पाणी घेतलं आहे, मग मासे. सगळी माहिती गोड्या पाण्यातल्या माशांची आहे. समुद्री टाकीचं गणित वेगळं असतं.

१. मासे आणले की हळूहळू घरच्या पाण्याला सरावतातच ना? मग आधी पाणी तपासायची गरज काय?

सरावतात, पण मर्यादेत. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सतत आत शिरतं. मासा ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि गेलेले क्षार कल्ल्यांवाटे परत ओढून घेतो. हे काम अहोरात्र चालू असतं आणि त्याचा वेग प्रत्येक जातीच्या मूळ पाण्यानुसार घडलेला असतो. दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीत पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्ल) ४ ते ५ च्या आसपास असतो आणि क्षार जवळजवळ नसतातच. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात पीएच ९ च्या जवळ जातो. या दोन ठिकाणचे मासे एकाच पाण्यात सुखी राहतील असं मानणं म्हणजे त्यातल्या एकावर अन्याय.

न मानवणाऱ्या पाण्यात मासा लगेच मरत नाही, म्हणूनच फसगत होते. तो पंख मिटून कोपऱ्यात राहतो, रंग धरत नाही, वारंवार आजारी पडतो आणि आपण औषधांच्या मागे लागतो.

२. पीएच, जीएच, केएच, टीडीएस... यातलं नेमकं काय बघायचं?

जीएच म्हणजे पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. मासे निवडताना सर्वांत आधी हाच आकडा बघा. अंशांत मोजला तर ४ पर्यंत फारच मऊ, ४ ते ८ मऊ, ८ ते १२ मध्यम, १२ ते १८ जड आणि त्यापुढे फारच जड. पाण्याच्या अहवालात जडपणा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दिला असेल तर त्याला १७.९ ने भागा म्हणजे अंश मिळतील.

केएच म्हणजे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. ही पीएचची बँकेतली शिल्लक आहे. टाकीत माशांच्या विष्ठेपासून आणि फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामातून रोज थोडं आम्ल तयार होतं आणि ते या शिलकीतून वजा होत राहतं. शिल्लक आहे तोवर पीएच हलत नाही. संपली की एकदम कोसळतो (प्रश्न १९ पाहा).

पीएचबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि माझ्या मते मासे निवडताना तोच सगळ्यात कमी उपयोगी आहे. तो बहुधा केएचच्या आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागे मागे जातो. ७.८ वर स्थिर असलेला पीएच बऱ्याच माशांना चालतो. रोज ६.८ ते ७.८ झुलणारा कुणालाच चालत नाही. पीएचचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे विसरू नका. टीडीएसचं प्रश्न ४ मध्ये पाहा.

३. हे घरी मोजायचं कसं? पट्ट्या घ्याव्यात की थेंबांचं किट?

थेंबांचं. पट्ट्या झटपट असतात, पण जीएच ६ आहे की १२ हे त्यांच्या रंगावरून ठरवताना दोघांची दोन मतं होतात.

नेहमीच्या किटमध्ये परीक्षानळीत ५ मिली पाणी घेतात आणि एकेक थेंब टाकून दर वेळी हलवतात. केएचच्या नळीत पाणी आधी निळं होतं आणि एका थेंबाला पिवळं पडतं. जीएचच्या नळीत नारिंगीचं हिरवं होतं. जितके थेंब लागले तितके अंश. पाणी फार मऊ असेल तर पहिल्या थेंबाला रंग इतका फिका दिसतो की बदल कळतच नाही. अशा वेळी १० मिली पाणी घ्या आणि थेंबांच्या संख्येला दोनने भागा. रंग पाहताना नळीमागे पांढरा कागद धरा आणि वरून खाली बघा.

किट हाताशी नसेल तर निदान नळाच्या तोटीवर आणि पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो का ते बघा. भराभर बसत असेल तर पाणी जड आहे. नेमका आकडा मात्र यातून मिळत नाही.

४. माझ्याकडे टीडीएस मीटर आहे. तेवढा पुरेल का?

नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो. त्यातलं कॅल्शियम किती, साधं मीठ किती आणि नायट्रेट किती, हे तो सांगू शकत नाही. टीडीएस ४०० असलेली दोन पाणी जडपणात एकमेकांपासून खूप वेगळी असू शकतात. एकदा जीएच-केएच नीट मोजून ठेवलं की मग रोजच्या देखरेखीला मात्र मीटर उत्तम. आकडा हलला की काहीतरी बदललं आहे एवढं कळतं.

५. बोअरच्या पाण्याचा पीएच काढल्या काढल्या ६.८ येतो आणि दुसऱ्या दिवशी ८. मीटर बिघडलाय का?

मीटर बहुधा ठीक आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो, त्यामुळे ताज्या पाण्याचा पीएच कमी दिसतो. पाणी हवेत आलं की वायू निघून जातो आणि पीएच वर चढतो. खरा आकडा दुसऱ्या दिवसाचा. म्हणून बोअरचं पाणी बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवा आणि मगच मोजा. टाकीत घालायच्या आधीही तेच करा. या पाण्यात प्राणवायूही कमी असू शकतो. लोह असेल तर हवा लागून ते तांबूस गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ कल्ल्यांवर बसण्यापेक्षा बादलीच्या तळाशी बसलेला बरा.

६. पाणी जड आहे, जीएच १५ च्या पुढे. म्हणजे माझ्या नशिबी फक्त गोल्डफिश का?

मुळीच नाही. जड पाणीवाल्यांकडे खरं तर मोठी यादी आहे, फक्त ती लवकर कुणी सांगत नाही.

पिल्लं देणारे मासे पहिले: गुप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, एंडलर. मऊ पाण्यात कुरकुरणारी मॉली जड पाण्यात बघा, वेगळाच मासा वाटतो. त्यानंतर रेनबोफिश. बोसेमनी रेनबो पश्चिम पापुआतल्या आयामारू सरोवरांच्या भागातला, तिथलं पाणी चुनखडीचं. मोठ्या टाकीत तो निळा-केशरी थवा फिरायला लागला की टेट्राची आठवण येत नाही. पण पूर्ण रंग यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून दुकानातली राखाडी पिल्लं बघून नाक मुरडू नका.

आफ्रिकी सिक्लिड हा तिसरा पर्याय. टांगानिकाचे शंखात राहणारे छोटे सिक्लिड, उदाहरणार्थ मल्टी, साधारण ५० लिटरच्या टाकीतही वसाहत करतात. वाळूत तोंड खुपसून ते शंख हवा तसा पुरतात आणि दाराशी उभे राहून आपल्या बोटावर धावून येतात. मलावी या आफ्रिकेतल्याच सरोवराच्या म्बुना (खडकांत राहणाऱ्या) सिक्लिडांना मात्र मोठी टाकी लागते. एक गंमत: मलावी सरोवराचं पाणी लोक समजतात तितकं जड नाही. त्याचा जीएच मऊच्या आसपास असतो, पण केएच आणि पीएच चढे असतात. म्हणून मलावीसाठी जीएच वाढवण्याच्या मागे लागू नका, केएच सांभाळा.

आणि गॅलॅक्सी रासबोरा. २००६ मध्ये म्यानमारमध्ये सापडलेला हा इवलासा मासा नावात रासबोरा असल्यामुळे मऊ पाण्याचा समजला जातो. त्याचं मूळ ठिकाण उंचावरच्या चुनखडीच्या पठारावर आहे. त्याला मध्यम जड आणि जरा गार पाणी आवडतं.

७. आमच्याकडचं पाणी अगदी मऊ आहे. आता तर काहीही ठेवता येईल ना?

मऊ पाणीवाले नशीबवान असतात, पण बेफिकीरही होतात. निऑन आणि कार्डिनल टेट्रा, रमी नोज, हार्लेक्विन रासबोरा, अपिस्टोग्रामा, रॅम, डिस्कस, चॉकलेट गौरामी, बहुतेक कोरिडोरास हे तुमचे मासे. गुप्पी-मॉली मात्र तुमच्याकडे हळूहळू झिजतील. गोगलगाईंचे शंख पांढरे पडून खड्डे पडतील. कोळंबीत क्रिस्टल रेड जमेल, चेरीला थोडा जास्त जीएच लागतो.

केएच १-२ असेल तर खरी चिंता पीएच कोसळण्याची असते. मासे मोजके ठेवा, दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदला. केएच वाढवायचाच असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा घातला की तो साधारण १ अंशाने वाढतो. सोडा आधी पाण्यात विरघळवून घ्या आणि दिवसाला १ अंशापेक्षा जास्त वाढवू नका.

८. माझे निऑन जीएच १६ मध्ये वर्षभर मजेत आहेत. मग हे सगळं थोतांड नाही का?

थोतांड नाही, पण तुमचा अनुभवही खोटा नाही. बाजारात मिळणारे बहुतेक निऑन मत्स्यशेतीतले असतात, पिढ्यान् पिढ्या नळाच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यात वाढलेले. त्यांचं जगणं जमतं. अडतं ते प्रजननापाशी. मऊ पाण्यातल्या जातींची अंडी आणि शुक्रपेशी जड पाण्यात नीट काम करत नाहीत, म्हणून अंडी घातली तरी पांढरी पडून जातात. पिल्लं हवीत की फक्त थवा बघायचा आहे, हे आधी ठरवा. नुसता थवा हवा असेल तर मध्यम जड पाण्यात शेतीतले निऑन, एंजेल, बेट्टा, कोरिडोरास खुशाल ठेवा.

नदीतून पकडलेल्या माशांना ही सूट नाही. कार्डिनल टेट्रा आजही मोठ्या प्रमाणावर रानातून येतात. चॉकलेट गौरामी, रानटी बेट्टा आणि बऱ्याच अपिस्टोग्रामा जातींच्या बाबतीतही विकणाऱ्याला स्पष्ट विचारा: शेतीतले की पकडलेले? त्याला माहीत नसेल तर पकडलेले समजून चाला.

९. गुप्पी आणि निऑन एकत्र ठेवू का?

जीएच ८ ते १२ असेल तर शेतीतले दोन्ही निभावतील. त्याच्या दोन्ही बाजूंना एकालाच निवडा. मधला आकडा "बनवून" दोघांना खूश करायच्या फंदात पडू नका.

१०. पीएच कमी करायचं औषध टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. आणखी टाकू का?

थांबा. औषध म्हणजे आम्ल. ते केएचमधला काही भाग खातं, पीएच खाली जातो, त्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की पीएच पुन्हा वर येतो. मासे या चढउतारात सापडतात. तुम्ही टाकतच राहिलात तर एक दिवस केएच संपतो आणि पीएच खाली जाऊन परत येतच नाही. काही औषधांत फॉस्फेट असतं, ते शेवाळ्याला मेजवानी. ही बाटली मुळात विकलीच जाऊ नये असं माझं मत आहे. पाणी खरंच बदलायचं असेल तर क्षारच कमी करावे लागतात (प्रश्न १२).

११. बदामाची पानं, लाकूड, पीट टाकून पाणी मऊ होतं का?

पाणी चहासारखं तांबूस होतं, माशांना ती सावली आवडते, बुरशीलाही थोडा आळा बसतो. पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला) थोडाफार जडपणा शोषतं. पण केएच ८-१० असेल तर पीएचवर दिसण्यासारखा परिणाम होत नाही. ज्यांचं पाणी आधीच मऊ आहे त्यांनाच या गोष्टींचा पुरेपूर उपयोग.

उलट दिशेने मात्र नकळत घडतं. संगमरवराचे तुकडे, प्रवाळ, शिंपले, चुनखडीचा दगड पाण्यात विरघळून जडपणा वाढवत राहतात. दगड आणल्यावर कोरडा करून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर तो मऊ पाण्याच्या टाकीसाठी बाद. व्हिनेगर सौम्य असतं, म्हणून एखादा सुस्त दगड परीक्षेतून सुटतो. शंका असेल तर दगड आठवडाभर आरओच्या पाण्याच्या बादलीत ठेवून जीएच मोजा.

१२. आरओचं पाणी थेट टाकीत घालू का?

नुसतं कधीच नाही. त्यात जीएच नाही, केएच नाही. नळाच्या पाण्यात मिसळून वापरा. हिशेब सोपा आहे: हवा असलेला जीएच भागिले नळाचा जीएच म्हणजे नळाच्या पाण्याचा वाटा. नळाचा जीएच १६ आणि हवा ६ असेल तर ६ भागिले १६ म्हणजे ०.३७५. म्हणजे १०० लिटरला साडेसदतीस लिटर नळाचं आणि बाकी आरओचं. केएचही त्याच प्रमाणात उतरतो, तो ३ च्या खाली जात नाही ना ते बघा.

दोन खाचाखोचा. घरगुती आरओमध्ये बऱ्याचदा चवीसाठी खनिजांचं काडतूस असतं किंवा थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून त्याचा जीएच शून्य धरू नका, मोजा. दुसरं, आरओमधून वाया जाणारं पाणी आफ्रिकी सिक्लिडांना वापरू का असं बरेच जण विचारतात. जडपणाच्या दृष्टीने चालेल, पण त्यात नायट्रेटही साठून येतं. ते मोजल्याशिवाय घालू नका.

आणि मुख्य म्हणजे, दर आठवड्याला हे मिश्रण करायची तयारी वर्षानुवर्षं आहे का? नसेल तर प्रश्न ६ पुन्हा वाचा.

१३. घरात सॉफ्टनर बसवला आहे. म्हणजे आमचं पाणी मऊच झालं ना?

साबणासाठी झालं, माशांसाठी नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. जीएच पडतो, केएच जसाच्या तसा, टीडीएसही जवळपास तेवढाच. डिस्कसला हे पाणी मऊ वाटत नाही आणि मॉलीला कॅल्शियम मिळत नाही. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या.

१४. मॉलीला मीठ लागतं म्हणतात. जडपणा वाढवायला मीठच टाकलं तर?

साध्या मिठाने जीएच वाढत नाही, कारण त्यात कॅल्शियम नसतं. मॉली मचूळ पाण्यातही राहू शकते, पण तिची खरी गरज जड पाण्याची. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत प्रवाळाचा चुरा ठेवा, काम होतं. टाकीत कोरिडोरास किंवा लोच असतील तर मीठ त्यांनाच आधी सोसत नाही.

१५. रात्रभर पाणी ठेवलं की क्लोरीन उडतो. मग क्लोरीन घालवायचे ते थेंब कशाला घ्यायचे?

क्लोरीन उडतो, हवा सोडली तर लवकर उडतो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) नाही उडत. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी तेच वापरतात. साध्या थेंबांतल्या थायोसल्फेटने क्लोरामाइन फुटतं, पण त्यातून अमोनिया सुटतो. म्हणून अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर घ्या, विशेषतः पीएच चढा असेल तेव्हा. २५ अंश तापमानात पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्धा टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो. जड पाणीवाल्यांनी फिल्टरमध्ये जिवाणू बसायच्या आधी मासे सोडले तर ते लवकर मरतात, ते यामुळेच.

१६. पाणी जुळतंय, पण उन्हाळ्यात टाकी ३१-३२ अंशांवर जाते. काय ठेवू?

तापमान हाही पाण्याचाच गुण आहे आणि यादी करताना तोच विसरला जातो. २० अंशांना पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात माशाची गरज वाढलेली असते. गोल्डफिश, व्हाइट क्लाउड, हिलस्ट्रीम लोच, गॅलॅक्सी रासबोरा यांचा नाद सोडा. निऑनही २५ च्या आतच खूश, गरम टाकीत त्याऐवजी कार्डिनल घ्या. बेट्टा आणि गौरामी वरची हवा घेतात, त्यांचं निभतं. रॅम, डिस्कस, स्टर्बाय कोरिडोरास यांना मुळातच २८ च्या आसपास हवं असतं.

हिवाळ्यात टाकी १८ वर उतरत असेल आणि हीटर लावायचा नसेल तर हीच यादी उलटी वाचा. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब दोन्ही ऋतूंत बऱ्यापैकी तग धरतात.

१७. दुकानदाराचं पाणी माझ्यापेक्षा फार वेगळं आहे. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवली की झालं ना?

त्याने फक्त तापमान जुळतं. पिशवीतल्या पाण्याचा टीडीएस मोजा. टाकीच्या दीड-दोनपट किंवा निम्मा असेल तर बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी माशांच्या पाण्यात थेंब थेंब सोडत तास-दीड तास द्या. जडाकडून मऊ पाण्याकडे जाताना जास्त सावध राहा, ती उडी माशांना अधिक जाचते. अपवाद: लांबून, दिवसभराच्या प्रवासाने आलेली पिशवी. तिच्यात अमोनिया साठलेला असतो, पण पीएच उतरलेला असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. असे मासे तापमान जुळताच जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

१८. पावसाळ्यात नळाचं पाणीच बदलतं. मग कोणता आकडा धरून मासे घ्यायचे?

दोन्ही टोकांचे. कोरड्या दिवसांच्या शेवटी एकदा आणि भर पावसात एकदा मोजा. दोन्ही आकडे ज्याला चालतील तोच मासा घ्या. फरक मोठा असेल तर हळव्या जाती सोडून द्या आणि बदलाच्या काळात एका वेळी १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका.

१९. दोन वर्षं टाकी छान चालली. पाणी बदलायचा कंटाळा केला होता, म्हणून परवा चांगलं निम्मं बदललं तर दुसऱ्या दिवशी मासे मेले. नळाचं पाणी तर तपासलेलं होतं!

नळाचं पाणी चांगलं होतं, टाकीचं तसं उरलं नव्हतं. पाणी न बदलल्यामुळे केएच संपत गेला आणि पीएच ६ च्या आसपास उतरला. इतक्या खाली फिल्टरमधले जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण त्या पीएचला तो जवळजवळ सगळा निरुपद्रवी रूपात असतो. जुने मासे हळूहळू त्याला सरावलेले असतात. तुम्ही पीएच ८ चं निम्मं पाणी ओतलंत, पीएच काही मिनिटांत वर गेला आणि साठलेल्या अमोनियाचा विषारी वाटा कित्येक पटींनी वाढला. त्यात टीडीएसचा धक्का वेगळाच.

अशा टाकीत आधी अमोनिया, केएच आणि पीएच मोजा. अमोनिया निघाला तर तो बांधणारं कंडिशनर आधी घाला, मग रोज १० टक्के पाणी बदला, खाणं जवळजवळ बंद ठेवा. टाकीचा केएच नळाच्या केएचच्या जवळ येईपर्यंत हे चालू ठेवा आणि तोवर नवा मासा आणू नका.